यहुदी गूढविद्या आणि तिची प्रतीके : प्रस्तावना

अलिबागेजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे. त्यावरील खुणा एलियाहू हन्नबीच्या रथाच्या आणि घोड्याच्या आहेत, इस्राएलाचा हा पैगंबर याच स्थळी प्रकट झाला व येथूनच पुन्हा स्वर्गाकडे निघून गेला, अशी कुलाबा मुलखातील बेने इस्राएल लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा असून, नवस बोलायचा असो वा फेडायचा असो, त्यांची पावले आजही त्या खडकाकडे वळतात. यहुदी गूढविद्येचा मराठी वाचकाला परिचय करून देऊ पाहणाऱ्या ग्रंथाची प्रस्तावना प्रोव्हान्स अथवा कॅस्टील येथील पंडितांच्या पाठशाळांपासून न आरंभता या कोकणी खडकापासून आरंभावी, असे मला वाटले, त्याला कारण आहे. कब्बाला या नावाने जी विद्या प्रसिद्ध आहे, तिच्या परंपरेत रहस्याचा दाता म्हणून ज्याचे नाव पुनःपुन्हा येते, तो हाच एलियाहू होय. बाराव्या-तेराव्या शतकांत प्रोव्हान्समध्ये जे पहिले कब्बालापंडित उदयास आले, त्यांच्या घराण्याला ही विद्या एलियाहूच्या साक्षात्काराने लाभली असे त्यांचे अनुयायी सांगत. आणि सोळाव्या शतकात गालीलातील सफेद नगरीत होऊन गेलेल्या इसहाक लुरियाविषयीही तेच सांगितले गेले. मृत्यू न पावता अग्निरथातून वर गेलेला पैगंबर केव्हाही परत येऊ शकतो, हा या श्रद्धेचा गाभा. म्हणूनच जगभरच्या यहुदी कुटुंबांत सुंतेच्या प्रसंगी त्याच्याकरिता आसन मांडले जाते, आणि शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा सातवा दिवस, सरतेवेळी, दिव्याची ज्योत पाहून झाल्यावर, त्याचे नाव गायिले जाते.

कोकणातील बेने इस्राएल समाजाचा इतिहास मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. तथापि आपल्या विषयाशी त्याचा जो संबंध आहे, तो बहुधा कोणी ध्यानात घेतलेला नसतो. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले, आणि त्यांच्या वंशजांनी तेलाच्या घाण्यावर उपजीविका करून शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा शिरस्ता पाळल्यामुळे त्यांस शनिवार तेली हे नाव पडले, ही त्यांची परंपरागत कैफियत होय. पुस्तक गेले, लिपी गेली, भाषाही गेली. राहिले ते एवढेच, की मुलाची सुंता आठव्या दिवशी व्हावी, खवले आणि पर असलेलीच मासळी खावी, सातव्या दिवशी काम करू नये, आणि जन्म, विवाह, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी ‘शमा इस्राएल’ हे ईश्वराच्या एकत्वाचे वचन उच्चारावे. डेव्हिड राहाबी नावाचा जो विद्वान पुढे या लोकांत आला, त्याने या आचारांवरूनच त्यांना यहुदी म्हणून ओळखले आणि त्यांतील काही घराण्यांना धर्मशिक्षण देऊन काझीपदावर नेमले, असे ही परंपरा सांगते. दारफळणी, बिरड्याचा रोजा, अनशी धाकाचा सण, नव्याचा सण अशी आपल्या सणांची अस्सल मराठी नावे या समाजाने घडविली आणि त्या नावांखाली जेरुसलेमचे पंचांग अखंड चालू ठेवले.

या इतिहासातून मला जे दिसते, तेच या ग्रंथाचे सूत्र आहे, म्हणून ते येथेच स्पष्ट सांगतो. यहुदी धर्मात आचार आधी आणि अर्थ मागाहून येतो. कब्बाला ही आचाराला टाकून वर उठणारी विद्या नव्हे. दिवा लावणे, भाकर मोडणे, सातव्या दिवशी थांबणे, अमुक खाणे व अमुक न खाणे, या साध्या कृत्यांच्या मागे विश्वाची केवढी रचना उभी आहे, हे शोधण्याचा शतकानुशतके चाललेला तो प्रयत्न होय. कोकणातील तेल्याने दीर्घकाळ आचार राखला आणि अर्थाची पोथी गमावली. स्पेनातील पंडिताने त्याच आचाराला अर्थाचे अपार आकाश दिले. दोघेही एकाच गोष्टीचे राखणदार होते. ज्याला कब्बाला म्हणजे ताईत, आकड्यांचे भविष्य अथवा बंद दाराआडची जादू वाटते, त्याने हे ध्यानी घ्यावे की तिच्या मोठ्या आचार्यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण धर्मशास्त्राचा कसून अभ्यास केलेला, कायद्याच्या बारीकसारीक बाबींवर निर्णय देणारा गृहस्थ होता.

बेने इस्राएलांचा मलिद्याचा विधीच पाहा. भिजवलेले गोड पोहे, त्यांत खोवलेला नारळ, वेलची, सुका मेवा, भोवती फळे. असे ताट मधोमध ठेवून घरची मंडळी प्रार्थना म्हणतात आणि एलियाहू हन्नबीचे गाणे गातात. विवाहापूर्वी, सुंतेनंतर, नव्या घरात राहावयास जाताना, संकटातून सुटल्यावर मलिदा होतो. आणि शेबाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे यहुदी परंपरेत जो वृक्षांचा नववर्षदिन मानला जातो त्या दिवशी, एलियाहू हन्नबीचा उरूस होतो. याच तिथीला फळे खाण्याचा एक सविस्तर विधी सफेदच्या कब्बालापंडितांच्या प्रभावाखाली भूमध्यसागराभोवतीच्या यहुद्यांत रूढ झाला. त्यात कवचाची, आठळीची आणि संपूर्ण खाता येणारी अशी फळांची प्रतवारी करून प्रत्येक प्रकाराला विश्वाच्या एकेका पातळीचे प्रतीक मानले. एक विधी दुसऱ्यातून निघाला, असे माझे म्हणणे नाही. वृक्षाचे फळ हाती घेऊन ईश्वराचे नाव घ्यावे, ही प्रेरणा दोन दूरच्या किनाऱ्यांवर एकाच तिथीला प्रकट व्हावी, आणि एका ठिकाणी तिच्याभोवती शास्त्र उभे राहावे व दुसऱ्या ठिकाणी केवळ गाणे, हे मात्र मला फार अर्थपूर्ण वाटते.

आता शास्त्राकडे वळू. यहुदी गूढविचाराचे सर्वांत जुने केंद्र म्हणजे यहेज्केल पैगंबराचे दर्शन. खबार नदीच्या तीरी, बाबिलोनच्या बंदिवासात, त्याने मनुष्य, सिंह, बैल आणि गरुड अशी चार मुखे असलेले जीव आणि त्यांच्यावर ईश्वरी तेजाचे सिंहासन पाहिले. या दर्शनाला पुढे मेर्काबा, म्हणजे रथ, असे नाव मिळाले आणि त्याच्या चिंतनाचा एक संप्रदाय उत्पन्न झाला. मिश्ना या धर्मशास्त्रग्रंथाने त्यावर निर्बंध घातला तो असा, की रथाचे रहस्य एका शिष्यापुढेही उलगडू नये. स्वतःच्या बुद्धीने जाणू शकेल असा ज्ञाता असेल तरच अपवाद. याच विषयावर तल्मूद या धर्मचर्चाग्रंथात चार विद्वानांची कथा आहे, ती प्रत्येक कब्बालाग्रंथाच्या पाठीशी उभी असते. चौघे त्या उपवनात शिरले. बेन अझ्झाई पाहताच मरण पावला, बेन झोमाचे भान हरपले, तिसऱ्याने तेथील रोपेच छाटली, म्हणजे धर्म सोडला, आणि रब्बी अकिवा एकटा शांतीने आत गेला व शांतीने बाहेर आला. गूढविद्येत प्रवेशापेक्षा सुखरूप परत येणे अवघड, हे यहुदी परंपरेने आरंभापासून ओळखलेले दिसते.

यानंतर बहुधा इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला ‘सेफेर यत्सिरा’ हा अगदी छोटा, सूत्रमय ग्रंथ येतो. ईश्वराने 32 मार्गांनी विश्व घडविले. त्यांपैकी 22 मार्ग म्हणजे हिब्रू वर्णमालेतील अक्षरे आणि उरलेले 10 म्हणजे सेफिरोथ, असे त्याचे प्रतिपादन आहे. आलेफ, मेम, शीन ही तीन मातृअक्षरे वायू, जल व अग्नी यांची. सात दुहेरी अक्षरे ग्रहांची व आठवड्याच्या दिवसांची. बारा साधी अक्षरे राशींची आणि महिन्यांची. मातृकान्यास किंवा वर्णांच्या उत्पत्तीविषयीचा तंत्रविचार ज्याने वाचला आहे, त्याला येथे ओळखीचे वाटेल. परंतु एक भेद आहे. येथे अक्षर हे आज्ञा देणाऱ्या ईश्वराच्या मुखातले आहे. ‘प्रकाश होवो’ असे तो म्हणाला आणि प्रकाश झाला, या बायबलाच्या पहिल्याच अध्यायातील बोलण्यावर हा सारा अक्षरविचार उभा आहे. प्रत्येक हिब्रू अक्षराला संख्यामूल्य असल्यामुळे शब्दांची बेरीज करून त्यांतील नाती शोधण्याची रीतही यातूनच बहरली. एकत्व दाखविणाऱ्या ‘एहाद’ शब्दाची बेरीज 13, प्रेम दाखविणाऱ्या ‘आहावा’ची 13, आणि दोन्ही मिळून होणारे 26 ही ईश्वराच्या चतुरक्षरी नामाची संख्या. ही रीत आज भविष्यवाल्यांच्या हाती पडून तिची जी विटंबना होते, ती पाहून खेद होतो. मूळ अभ्यासक तिच्याकडे वचनाचे मनन करण्याचे साधन म्हणून पाहत.

तेराव्या शतकातील अब्राहाम अबुलाफिया याने अक्षरांची ही साधना टोकाला नेली. ईश्वरनामांतील अक्षरे लिहावी, उच्चारावी, त्यांचे क्रम फिरवावे, श्वास आणि मस्तकाची हालचाल त्यांच्याशी जुळवावी, आणि अशा रीतीने मनाच्या गाठी सोडाव्या, अशी त्याची पद्धती होती. 1280 साली तो पोप निकोलस तिसरा याच्या भेटीस निघाला. पोपने त्याला जाळण्याचा हुकूम दिला होता असे तो लिहितो. परंतु तो पोहोचला तेव्हा पोपचाच अंत झालेला होता, आणि काही काळ कैदेत राहून अबुलाफिया सुटला. त्याच्या समकालीनांनी त्याला फारसे जवळ केले नाही.

कब्बालेचा मुख्य प्रवाह वेगळ्या दिशेने गेला. बाराव्या शतकाच्या अखेरीस प्रोव्हान्समध्ये ‘बाहीर’ हा ग्रंथ प्रकट झाला, तेथे आंधळा इसहाक या नावाने प्रसिद्ध असलेल्या आचार्याने परंपरा चालविली, जिरोना येथे नाहमानिदेससारख्या मान्यवर धर्मशास्त्रज्ञाने तिला आपल्या भाष्यातून प्रतिष्ठा दिली, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस कॅस्टीलमध्ये ‘झोहर’ अवतरला. तोरा या मूळ धर्मग्रंथाच्या पाठावर चालणारे हे अरामी भाषेतील विस्तीर्ण भाष्य दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बार योहाई आणि त्याचे सोबती यांच्या संवादांच्या रूपाने लिहिलेले आहे. परंपरा त्याचे कर्तृत्व शिमोनलाच देते. आधुनिक संशोधकांनी भाषेच्या पुराव्यावरून ते 1305 मध्ये वारलेल्या मोशे दे लेओनकडे आणि अलीकडे त्याच्या भोवतालच्या एका मंडळाकडे दिले आहे. श्रद्धावानाने या निर्णयाने बिथरू नये. पंथ चालता चालता दोन रब्बींना वाटेत गाढव हाकणारा एक अडाणी म्हातारा भेटतो आणि त्याच्याच मुखातून अत्यंत खोल रहस्य बाहेर पडते, अशा कथा ज्याने लिहिल्या, तो कोणत्याही शतकातला असला तरी थोर कवी होता.

झोहरातील प्रतीकसृष्टीचा कणा म्हणजे दहा सेफिरोथ. अव्यक्त, निर्गुण, ज्याच्याविषयी काहीच बोलता येत नाही अशा ईश्वरतत्त्वाला कब्बालापंडित एन सोफ, म्हणजे अंतरहित, म्हणतात. आणि त्या अंतरहिताने ज्या दहा तेजांतून स्वतःला प्रकट केले, ती ही सेफिरोथ. केथेर हा मुकुट. होखमा आणि बिना म्हणजे प्रज्ञा व विवेक. हेसेद म्हणजे अमर्याद कृपा, गेवुरा म्हणजे कठोर न्याय. या दोहोंच्या मधोमध तिफेरेथ, ज्याला रहामीम किंवा करुणा असेही नाव आहे. त्याखाली नेत्साह, होद, येसोद. आणि सर्वांत खाली मालखुथ, म्हणजे राज्य. चित्रात ही दहा तेजे वृक्षाच्या अथवा मनुष्यदेहाच्या आकृतीत मांडतात, उजवी बाजू कृपेची, डावी न्यायाची. केवळ कृपा असती तर जग सीमारहित होऊन विरून गेले असते, केवळ न्याय असता तर ते जळून गेले असते. न्याय कृपेपासून तुटून एकटा वाढला की त्यातूनच पापाची, ‘दुसऱ्या बाजू’ची, उत्पत्ती होते, हा झोहराचा विचार मला नीतिशास्त्राच्या दृष्टीने अतिशय गंभीर वाटतो. मुंबईत सात रस्त्याच्या बाजूला जे यहुदी प्रार्थनामंदिर आहे त्याचे नाव तिफेरेथ इस्राएल. आणि टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या सुभेदार सॅम्युअल एझिकेल दिवेकरांनी 1796 साली मांडवी भागात जे मंदिर बांधले, तेच पुढे शआर हारहामीम, म्हणजे करुणेचे द्वार, या नावाने ओळखले जाऊ लागले. ही नावे बायबलाच्या व प्रार्थनेच्या भाषेतून आलेली आहेत, कब्बालेच्या चित्रावरून नव्हे. पण कब्बालाही त्याच भाषेतून उगवली, म्हणून ज्या मराठी वाचकाला दहा नावे पाठ करणे कंटाळवाणे वाटेल, त्याने निदान ही दोन मंदिरे मनात धरावी.

दहावी सेफिरा मालखुथ हीच शेखिना होय: ईश्वराचे जगातले सान्निध्य, आणि तेही स्त्रीरूपात. इस्राएल देशोधडीला लागला तेव्हा शेखिना त्याच्याबरोबर निर्वासित झाली, अशी कल्पना तल्मूदातच आहे. कब्बालापंडितांनी तिला ईश्वराच्या अंतरंगातल्या विरहाचे रूप दिले. शब्बाथची संध्याकाळ ही राणीच्या, नववधूच्या स्वागताची संध्याकाळ ठरली. सफेदचे कब्बालापंडित शुक्रवारी सायंकाळी तिच्या स्वागताला रानात जात, आणि त्यांच्यापैकीच श्लोमो अल्काबेत्स याने सोळाव्या शतकात रचलेले ‘लेखा दोदी’ हे गीत आज पृथ्वीवरच्या जवळजवळ प्रत्येक यहुदी मंदिरात शुक्रवारी गायिले जाते. अलिबागेच्या मागेन आबोथ मंदिरात असो, पनवेलच्या बेथ एल मंदिरात असो, शेवटच्या कडव्याला मंडळी दाराकडे वळतात ती या शेखिनेच्या स्वागतासाठी. कब्बाला हे नाव ज्याने आयुष्यात ऐकले नाही, असा कोकणी गृहस्थही अशा रीतीने तिच्या अंतरंगातले गीत दर आठवड्याला गात आला आहे.

सफेदच्या त्या अल्पकाळाच्या वैभवाबद्दल थोडे अधिक सांगणे प्राप्त आहे. 1492 साली स्पेनातून यहुद्यांना हद्दपार करण्यात आले. त्यांतील अनेक जण तुर्की सुलतानाच्या मुलखात आले, आणि गालीलच्या डोंगरावरील या गावात विद्वानांची अशी दाटी झाली की धर्मशास्त्राचा शुल्हान आरूख हा संग्रह रचणारा योसेफ कारो, कब्बालेची पद्धतशीर मांडणी करणारा मोशे कोर्दोव्हेरो आणि इसहाक लुरिया एकाच काळी तेथे नांदले. लुरिया सफेदला आला 1570 च्या सुमारास आणि 1572 साली अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारला. त्याने स्वतः फारच थोडे लिहिले. त्याचा शिष्य हय्यीम व्हिताल याने त्याचे विचार ग्रंथबद्ध केले. लुरियाचे म्हणणे असे, की एन सोफने प्रथम स्वतःला आवरून घेतले, जगाला जागा व्हावी म्हणून आपल्यातच एक रिकामे स्थान निर्माण केले, हे त्सिम्त्सूम. त्या पोकळीत ईश्वरी प्रकाश ओतला गेला, परंतु तो धारण करणारी पात्रे फुटली, आणि प्रकाशाचे कण फुटक्या तुकड्यांसह, कवचांसह, सृष्टीभर विखुरले. मनुष्याने प्रत्येक आज्ञा पाळताना, प्रत्येक आशीर्वाद उच्चारताना, तो कण कवचातून सोडवून वर न्यावा. हे तिक्कून, म्हणजे दुरुस्ती. मी जेथे बसून हे लिहितो आहे, त्या उकव्यात खडकातून मँगनीज वेगळे काढण्याचे काम कित्येक दशके चालू आहे. लुरियाच्या शिष्यालाही असेच वाटत असावे, की साऱ्या जगात, अगदी मलिन वाटणाऱ्या वस्तूतही, मोलाचे काही अडकून पडले आहे आणि ते सोडविण्याचे काम आपल्या हातांवर सोपविलेले आहे. कब्बालेचे आधुनिक अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी या सिद्धांतात स्पेनमधील हद्दपारीची वेदना विश्वरूप झालेली पाहिली. नंतरच्या संशोधकांनी, विशेषतः मोशे इदेल यांनी, हा संबंध इतका सरळ नाही असे दाखविले आहे. मला शोलेम यांचे म्हणणे आजही हृदयाला पटते. फुटलेल्या पात्राची कल्पना आणि घर गमावलेला समाज यांच्यात नाते नाही असे मानणे मला जड जाते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1665 साली स्मर्ना येथील शब्बताई त्स्वी याने स्वतःला मसीहा म्हणून घोषित केले, गाझाच्या नाथान याने लुरियाच्या परिभाषेत त्याची महती पसरविली, युरोप-आशियातील यहुदी समाज हर्षाने वेडा झाला, आणि दुसऱ्याच वर्षी सुलतानापुढे शब्बताईने इस्लाम स्वीकारला. त्या आघातानंतर पुष्कळ ठिकाणी कब्बालेच्या अभ्यासावर निर्बंध आले. 1756 साली ब्रोदी येथील रब्बींनी तिशीपूर्वी झोहर आणि चाळिशीपूर्वी लुरियाचे ग्रंथ वाचण्यास मनाई केली. त्याच सुमारास पूर्व युरोपात बाल शेम तोव याच्याभोवती हसिदी पंथ उभा राहिला, ज्याने कब्बालेतील रहस्य शेतकऱ्या-कारागिरांच्या आनंदात, नृत्यात आणि गोष्टींत आणून सोडले.

आता पुण्याकडे यावयाचे. मराठी मुलखाचा आणि झोहराचा एक प्रत्यक्ष, छापील संबंध आहे, आणि तो पुण्याच्या इतिहासकारांनीही फारसा नोंदलेला नाही. 1887 साली पुण्यात अब्राहम डेव्हिड एझिकेल या बगदादी यहुदी गृहस्थाने झोहरातील ‘इद्रा झूता’ या भागाचे अरबी भाषांतर हिब्रू लिपीत छापले. इद्रा झूता म्हणजे लहान सभा: रब्बी शिमोनच्या आयुष्याचा शेवटचा दिवस, सोबती भोवती बसलेले, रब्बी अब्बा लिहीत आहे, आणि जी रहस्ये शिमोनने आजवर हृदयात ठेवली ती तो बोलतो आहे, बोलता बोलताच त्याचे प्राण जातात. अमेरिकेतील ‘सूफी सोसायटी’च्या बंधूंच्या विनंतीवरून, खाजगी प्रसारासाठी, असा त्या पुस्तकावर उल्लेख आहे. एझिकेल हे थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद होते. तिचे संस्थापक ब्लॅव्हॅट्स्की आणि ऑल्कट 1879 साली मुंबईस येऊन उतरल्यापासून त्या चळवळीने या प्रांतातील पारशी, हिंदू व यहुदी सुशिक्षितांवर जी मोहिनी घातली होती, तिचेच हे एक फळ. त्याच 1887 साली लंडनला मॅग्रेगर मॅथर्स यांनी इद्रा झूतेचे इंग्रजी रूप प्रसिद्ध केले, पण ते सतराव्या शतकातील लॅटिन भाषांतरावरून. पुण्याचे भाषांतर मूळ अरामीवरून होते. एझिकेल यांच्या उद्योगावर बगदादच्या धर्मपंडितांनी हरकत घेतली. अनधिकाऱ्यांच्या हाती रहस्य देऊ नये, ही त्यांची जुनीच भूमिका होती, आणि ज्या बगदादेत त्या काळी योसेफ हय्यीम यांच्यासारखा कब्बालेचा अधिकारी पुरुष शब्बाथच्या दिवशी सामान्य जनांना प्रवचने देत होता, तेथून ती यावी यात नवल नाही. एझिकेल डगमगले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी कब्बालेच्या परिचयाची एक इंग्रजी पुस्तिकाही पुण्यातच छापली.

या प्रकरणात मला दोन्ही पक्षांविषयी आदर वाटतो. रहस्याचे रक्षण करणारा पंडित समाजाला शब्बताईच्या वेडापासून वाचवू पाहत होता. छापणारा एझिकेल, एकदा उजेडात आलेल्या विद्येवर कुणाचा मक्ता चालत नाही, असे मानीत होता. दुःख एवढ्याचेच वाटते, की पुण्यात छापले गेलेले हे पुस्तक मराठीत नव्हते. आणि ते मराठीत होऊ शकले असते. याच पुण्यात 1874 साली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा हगादा हिब्रू व मराठीत, चित्रांसह निघाला होता. त्याच्याही आधी, 1832 मध्ये, जॉन विल्सन यांचे हिब्रू भाषेचे मराठी व्याकरण निघाले होते. जोसेफ एझिकेल राजपूरकर हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे करीत होते. हाईम सॅम्युअल केहीमकर आपल्या समाजाचा इतिहास गोळा करीत होते. आणि 1880 च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तनकार ओवी, साकी, दिंडीत अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने लावू लागले होते. भाषा तयार होती, श्रोतृवृंद तयार होता. कुठल्या तरी कीर्तनकाराने रब्बी शिमोनच्या त्या शेवटच्या दिवसाचे आख्यान लावले असते, तर मराठीत केवढे लेणे निर्माण झाले असते!

मराठी वाचकाला एक विनंती. आपल्याकडे अद्वैताचे संस्कार घरोघर असल्यामुळे एन सोफ म्हणजे ब्रह्म, सेफिरोथ म्हणजे चक्रे, शेखिना म्हणजे शक्ती, असे समीकरण पहिल्याच पानावर मांडून पुस्तक मिटून ठेवण्याचा मोह होतो. थिऑसॉफीनेही हाच मोह वाढविला. अमृतानुभवाच्या आरंभी शिव व शक्ती यांचे जे अभिन्न युगुल उभे राहते, त्याची आठवण तिफेरेथ आणि मालखुथ यांच्या मीलनाबद्दल वाचताना येणारच, आणि ती येऊ द्यावी. परंतु ज्ञानेश्वरांच्या युगुलात विरह मुळीच नाही, तो भासच आहे. झोहरातील विरह खरा आहे, आणि तो दूर होण्यासाठी मनुष्याच्या कृत्याची ईश्वराला गरज आहे. हा भेद पुसला तर कब्बालेचे हृदयच हरवले. साम्य जितके आनंद देते तितकेच वैषम्य शिकविते.

प्रतीकांबद्दलही एक खुलासा करावयास हवा. ज्या षट्‌कोणी तारकेला आज जग यहुदी धर्माची खूण मानते, ती त्या धर्माची सर्वमान्य निशाणी झाली ती अर्वाचीन काळात. प्राचीन खूण ती तोरात वर्णिलेली सात शाखांची दीपिका. स्तोत्रसंहितेतील 67 वे स्तोत्र, ज्यात शीर्षक वगळता 49 शब्द आहेत, ते दीपिकेच्या आकारात लिहून प्रार्थनामंदिरात लावण्याची प्रथा कब्बालेच्या प्रभावाने पूर्वेकडील यहुद्यांत पसरली. आणि वल्हांडणापासून शावुओथ या सणापर्यंतच्या 49 दिवसांच्या मोजणीत प्रत्येक दिवसाला खालच्या सात सेफिरोथांपैकी दोहोंची जोडी दिली गेली. दाराच्या चौकटीवरील मेझुझा, त्यावर लिहिलेले शद्दाई हे नाव, शुक्रवारचे दिवे, ही सर्व आधी आज्ञा आहेत आणि मग प्रतीके.

उकवा येथे राहणाऱ्या माणसाने हा विषय का हाती घ्यावा, असे कोणी विचारील. बालाघाट जिल्हा पूर्वी मध्यप्रांताच्या नागपूर विभागात होता. 1956 च्या पुनर्रचनेत तो मध्यप्रदेशात राहिला, आणि येथील मराठी घरांना कचेरीत, शाळेत हिंदी आणि देवघरात, ओवीत, लग्नाच्या गाण्यात मराठी, अशी विभागणी अंगवळणी पडली. भोवतालच्या बैगा स्त्रियांच्या अंगावरचे गोंदण मी अनेक वर्षे पाहत आलो. आजीने नातीला गोंदवून घ्यावयास लावले तेव्हा अर्थ सांगूनच लावले असे नाही, पण खूण अंगावर राहिली, आणि अर्थ विचारणारी नात एखाद्या पिढीत जन्मतेच. शनिवार तेल्यांचा इतिहास मला म्हणूनच परका वाटला नाही. ज्यांनी भाषा घरात ठेवली आणि प्रार्थना ओठांवर, त्यांची गोष्ट सीमेवरच्या मराठी माणसाला लवकर कळते. आणि 1948 नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले तरी तेथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले, हे वाचून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

अभ्यासाच्या साधनांविषयी सांगावयाचे तर, आधुनिक संशोधनाचा पाया जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील शोलेम यांच्या 1941 च्या व्याख्यानग्रंथाने घातला. डॅनियल मॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले झोहराचे इंग्रजी भाषांतर 2004 ते 2017 या काळात बारा खंडांत पूर्ण झाले असून, गंभीर वाचकाने शक्य तेथे त्याचा आधार घ्यावा. हिब्रू नावांचे उच्चार आजच्या इस्राएली रीतीने न देता कोकणातील प्रार्थनामंदिरांत रूढ असलेल्या रीतीने दिले आहेत. म्हणून शब्बात नव्हे तर शब्बाथ, तिफेरेत नव्हे तर तिफेरेथ. ज्यांना इतिहासात रस कमी असेल त्यांनी शेखिनेवरील प्रकरणापासून आरंभ करावा. अबुलाफियाच्या साधनेवरील प्रकरण मात्र माहितीसाठीच वाचावे, प्रयोगासाठी नव्हे, कारण ती साधना गुरूवाचून करू नये असा त्या परंपरेचा दंडक आहे आणि तो मोडण्याची मुभा या ग्रंथाला नाही.

उकवा, जिल्हा बालाघाट